राइशवाल्डच्या वनातील थडगी

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील दफनभूमी जागी होते. वाढलेले गवत काढले जाते, क्रूस स्वच्छ केले जातात आणि दोन तारखेला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, थडग्याथडग्यावर मेणबत्ती लागते. ज्या थडग्यापाशी कोणीच येत नाही, त्याच्यासाठीही एखादी आजी एक मेणबत्ती राखून ठेवते. ‘तो कोण होता, कसा होता’ असे ती विचारीत नाही. दूरदेशीच्या एका लष्करी दफनभूमीचा इतिहास वाचताना या आजीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, नेदरलँड्सच्या सीमेलगत क्लेवे नावाचे जुने गाव आहे. त्याच्या नैर्ऋत्येस राइशवाल्डचे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. जवळच केवेलार हे पवित्र मरियेचे तीर्थक्षेत्र. ‘दुःखितांची सांत्वनकर्ती’ म्हणून तेथे १६४२ पासून मरियामातेची भक्ती चालत आली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली या तीर्थक्षेत्राला भेट दिली. अशा या श्रद्धाळू मुलखात, अरण्याच्या कुशीत, दुसऱ्या महायुद्धातील ७,५९४ राष्ट्रकुल सैनिक चिरविश्रांती घेत आहेत. त्यांपैकी १७६ जणांची ओळख पटलेली नाही. काही जण १९४५ च्या फेब्रुवारीत याच अरण्यात लढताना पडले, काही ऱ्हाइन नदी ओलांडताना. परंतु सुमारे चार हजार जण वैमानिक दलाचे आहेत. त्यांतील बहुतेक त्यापूर्वीच, जर्मन शहरांवरील बाँबहल्ल्यांत, आकाशातून कोसळले होते.

जेथे विमान पडले, तेथल्याच गावच्या दफनभूमीत जर्मनांनी त्यांना पुरले होते. युद्ध संपल्यावर ड्युसेलडॉर्फ, क्रेफेल्ड, एसेन, डॉर्टमुंड अशा ठिकाणांहून त्यांचे अवशेष येथे आणण्यात आले. मृतांना मायदेशी न नेता ते पडले त्या प्रदेशातच ठेवावे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून त्यांच्यात भेद करू नये, हे १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धथडगी आयोगाचे सूत्र. पुण्याजवळील खडकीची युद्धदफनभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सूत्र समजावून सांगावे लागणार नाही. तीही याच आयोगाच्या देखरेखीखाली आहे. तेथे जशा एकसारख्या शिळांच्या रांगा आहेत, तशाच राइशवाल्डलाही आहेत. लँकेस्टर जातीच्या बाँबफेकी विमानात सात जण असत. त्यांत कोणी अधिकारी, कोणी सार्जंट. येथे सगळे एकाच मापाच्या शिळेखाली आहेत.

या हजारोंपैकी सत्तावीस जणांची कथा विशेष परिचित आहे. १६ मे १९४३ या रविवारच्या रात्री इंग्लंडमधील स्कॅम्प्टनच्या तळावरून एकोणीस लँकेस्टर विमाने १३३ जणांना घेऊन निघाली. रुहर खोऱ्यातील कारखान्यांना पाणी पुरवणारी धरणे फोडणे हे त्यांचे काम. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने त्यासाठी एक निराळा बाँब तयार केला होता. पाण्यापासून अवघ्या साठ फुटांवरून तो उलटा फिरवीत सोडला की पृष्ठभागावर उसळ्या घेत जाऊन धरणाच्या भिंतीला भिडत असे आणि पाण्याखाली बुडून फुटत असे. त्या रात्री म्योने आणि एडर ही दोन मोठी धरणे फुटली. आठ विमाने मात्र परतली नाहीत. ५३ जण मृत्युमुखी पडले, तिघे कैद झाले.

बार्लो या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे विमान हाल्डर्नजवळ विजेच्या तारांवर आदळले. अॅस्टेल तेवीस वर्षांचा. त्याचे विमान मारबेक येथे विजेच्या मनोऱ्याला धडकून शेतात जळाले. जवळच संत जोसेफचा पुतळा होता. विमानातील बाँब फुटूनही तो उभा राहिला, असे तेथील लोक सांगतात. मॉडस्ले एकवीस वर्षांचा. एडर धरणावर हल्ला करून परतताना एमेरिशजवळ तो तोफांच्या माऱ्यात सापडला. ऑटली तर विशीतच होता; तो हामजवळ कोसळला आणि त्याच्या सात जणांतून केवळ एक वाचला. हे चार वैमानिक आणि त्यांचे मृत सहकारी आज राइशवाल्डमध्ये आहेत. पुढे १९५५ साली या मोहिमेवर चित्रपट निघाला आणि त्यांच्या धाडसाची कीर्ती सर्वत्र झाली.

पण त्याच रात्रीचा दुसरा भाग सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. म्योने धरणातून सुटलेला लोंढा अंधारात खोऱ्यात शिरला. धरणाखाली हिमेलफोर्टन येथे तेराव्या शतकात स्थापन झालेल्या सिस्टर्शियन मठाचे चर्च होते. ‘स्वर्गद्वार’ असा त्या नावाचा अर्थ. ते चर्च वाहून गेले आणि तेथील धर्मगुरू फादर बेर्केनकॉफ पुरात मरण पावले. पुढे नेहाइम गावात सक्तीने मजुरीस आणलेल्या परदेशी स्त्रियांची छावणी होती. त्यांतील बहुतेक पूर्व युरोपातल्या. सुमारे १,३०० माणसे त्या रात्री बुडाली. त्यांतील निम्म्याहून अधिक असे मजूर आणि युद्धकैदी होते. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध लढले जात होते, त्यांच्यावरच पाण्याचा पहिला घाला पडला.

मग या तरुणांना आपण काय म्हणावे? वीर की अपराधी? उत्तर सोपे नाही. युद्ध त्यांनी सुरू केले नव्हते. वॉर्सा, रॉटरडॅम आणि कॉव्हेंट्री यांच्यावर आधी नाझी विमानांनीच आग ओतली होती. या बाँबफेकी दलातील सुमारे सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ जण परतले नाहीत. रोज सायंकाळी आपण कदाचित परतणार नाही हे जाणून ते विमानात चढत होते. दुसऱ्या बाजूने, शहरेच्या शहरे बेचिराख करण्याचे जे धोरण पुढे राबवले गेले, त्याचे समर्थन आपली श्रद्धा करू शकत नाही. संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हा देव आणि मानव यांच्याविरुद्ध गुन्हा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. राइशवाल्डच्या उशाशी असलेले क्लेवे गावही १९४४ च्या ऑक्टोबरात आणि १९४५ च्या फेब्रुवारीत असेच उद्ध्वस्त झाले. तो हल्ला मागणारे सेनापती हॉरॉक्स यांना त्या निर्णयाची टोचणी पुढे आयुष्यभर राहिली.

हा सारा मुलूख म्युन्स्टर धर्मप्रांतात येतो. हाल्डर्न, मारबेक, एमेरिश याच धर्मप्रांतातली. तेथील बिशप क्लेमेन्स फोन गालेन यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात प्रवचनपीठावरून हिटलरच्या सत्तेला आव्हान दिले. मनोरुग्ण आणि अपंग यांना मारण्याच्या गुप्त मोहिमेचा त्यांनी जाहीर निषेध केला. त्यांच्या प्रवचनांतील उतारे छापून ब्रिटिश विमानांनीच ती पत्रके जर्मनीवर टाकली. आणि १० ऑक्टोबर १९४३ रोजी, एका रविवारी, अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात याच बिशपांचे कॅथेड्रल कोसळले. सत्याचा शब्द आणि विध्वंसाचा बाँब, दोन्ही एकाच आकाशातून आले. बिशप गालेन १९४६ साली कार्डिनल झाले आणि त्याच वर्षी निवर्तले. २००५ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

युद्धानंतर बराच काळ या बाँबफेकी वैमानिकांची आठवण काढताना त्यांचा स्वतःचा देशही संकोचत असे. लंडनमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते २०१२ साली. त्या स्मारकावर वैमानिकांबरोबरच, १९३९ ते १९४५ या काळात बाँबहल्ल्यांत प्राणास मुकलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण केले आहे. हे शहाणपण यायला जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली.

आपल्या आजीपाशी मात्र ते आधीपासूनच आहे. मृतांसाठी प्रार्थना करणे म्हणजे त्यांच्या कृत्यांवर पांघरूण घालणे नव्हे. निवाडा ज्याचा आहे त्याच्या हाती तो सोपवून देणे होय. विशीतला ऑटली, हिमेलफोर्टनचे फादर आणि नेहाइमच्या छावणीतल्या त्या अनाम स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रार्थना आपल्याला शिकवलेल्या नाहीत. येत्या दोन नोव्हेंबरला ज्यांच्या घरी एक मेणबत्ती उरेल, त्यांनी ती या सर्वांसाठी मिळून लावावी. परमेश्वर त्यांना चिरशांती देवो.