इंजिन उबदार राखणे (वाहनांचे)

कडाक्याच्या थंडीत वाहनाचे इंजिन सुरू व्हावे आणि सुरू झाल्यावर योग्य तापमानात चालावे, यासाठी करायचे उपाय. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा गोठणबिंदूकडे फिरकत नाही. तरीही विषयाचा दुसरा भाग, म्हणजे चालत्या इंजिनात पुरेशी ऊब टिकवणे, इथल्या गॅरेजांनाही लागू आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते.

थंडीचे परिणाम : गारठ्यात ऑइल दाट होते, बॅटरीचा जोर ओसरतो (उणे १८ अंश सेल्सिअसला जवळपास निम्म्यावर येतो) आणि डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. थंड सिलिंडर ती उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सेल्फ फिरत राहतो पण इंजिन उचलत नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा ओतनबिंदू हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत असू शकतो. सोलापूर-पुणे वाहतुकीला एवढे पुरते, लडाखला नाही. तिथे ट्रकच्या टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करण्याची धोकादायक रीत होती. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होते.

उपाय : डिझेल गाड्यांत हीटर प्लग. हँडलच्या शेतीइंजिनांत दाब सोडणारी खिट्टी. चाक जोरात फिरले की ती खाली पाडायची. अतिथंड देशांत ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनातले पाणी विजेवर कोमट ठेवणारे उपकरण. अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले.

थर्मोस्टॅट : मेकॅनिकांच्या बोलीत ‘वॉल’. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली ही झडप बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. पितळी डबीत मेण भरलेले असते. ते तापून फुगले की दांडा सरकतो आणि पाणी रेडिएटरकडे सुटते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरत राहते, म्हणून इंजिन लवकर तापते.

उष्ण भागात गाडी तापू लागली की ‘वॉल काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. खरा दोष बहुधा दुसरीकडे असतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असतात, किंवा पंखा, पट्टा, कॅप यांपैकी काहीतरी कामातून गेलेले असते. वॉल काढल्यावर काटा खाली येतो, मालक समाधानाने जातो. पण इंजिन आता कायम गार चालते. इंधन नीट जळत नाही, त्यातले काही ऑइलमध्ये उतरते, वाफेचे पाणी उडून न जाता ऑइलमध्ये मिसळते आणि गाळ धरतो. ॲव्हरेज घटते. काही इंजिनांत झडप उघडताना बगलमार्गही बंद करत असते. तिथे ती काढली की गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाताच परततो आणि भर उन्हात, भरल्या गाडीत इंजिन आणखी तापते.

वॉल खराब आहे की नाही, हे गॅरेजच्या स्टोव्हवर कळते. पातेल्यात पाणी घ्यायचे, झडपेच्या फटीत दोरा अडकवून ती तळाला न टेकेल अशी सोडायची, शेजारी तापमापक धरायचा. झडप दोरा सोडते, तो तिचा उघडण्याचा अंश. तो तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत हा खटाटोप क्वचितच लागतो: इंजिन वेळेत तापले नाही तर बहुतेक वेळा संगणकच दिवा लावतो. अशा डिझेल गाड्यांतली काजळी जाळणारी यंत्रणाही गार इंजिनावर नीट चालत नाही.

कॅमशाफ्ट (सिलिंडरच्या झडपा उघडणारा दांडा) : गार इंजिन सुरू होताना दाट ऑइल चेंबरमधून वर पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ कॅमचे उंचवटे उरल्यासुरल्या ऑइलवर घासतात. हा मार सोसणारा भाग सोलापुरात तयार होतो. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-विदेशी मोटार कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते. त्यातल्या ‘चिल्ड’ प्रकारात ओतकामाच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे ठोकळे बसवतात. वितळलेले बीड त्यांना भिडताच झटकन थिजते आणि तेवढाच पृष्ठभाग अतिशय कठीण होतो.

सुरू करून किती वेळ उभे ठेवावे : मते वेगवेगळी आहेत. आताच्या गाड्या अर्ध्या-एक मिनिटात हलवून सुरुवातीला सावकाश चालवाव्यात, असे साधारणपणे सांगितले जाते.