दोष आढळला नाही

रांचीला बदली झाल्यावर काही महिन्यांनी मी एक नवी मोटारगाडी घेतली. पत्नीचा डावा गुडघा दुखत असल्यामुळे क्लच दाबावा न लागणारी, म्हणजे गियर आपोआप बदलणारी गाडी निवडली. चौथ्या महिन्यात, जेमतेम तीन हजार किलोमीटर झाले असताना, तिने त्रास द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जाताना धक्का बसू लागला. रातू रोडच्या गर्दीत गाडी सरकत चालली की तिच्या अंगात थरथर येई. एकदा पत्रातूच्या घाटात चढावर थांबून पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर दाबूनही ती जागची हलली नाही, उलट हातभर मागे घसरली. मागे मालाने भरलेला ट्रक उभा होता. पत्नीने त्यानंतर ती गाडी चालवणेच सोडले.

वर्कशॉपमध्ये मी पाच वेळा गेलो. सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत, स्वतः गाडी चालवत. प्रत्येक वेळी तेथील तरुण सल्लागाराने गाडी सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर फिरवून आणली आणि नम्रपणे सांगितले, "सर, इस मॉडल में ऐसा ही होता है।" जॉब कार्डावर प्रत्येक वेळी एकच शेरा पडला : चाचणी घेतली, दोष आढळला नाही.

हा शेरा मला अपरिचित नव्हता. जिल्ह्यात काम करताना 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असे लिहून मी कितीतरी अर्ज निकालात काढले आहेत. त्यातला एक अर्ज हातपंपाचा होता. दुपारनंतर पाणी येत नाही, अशी एका म्हाताऱ्याची तक्रार होती. कनिष्ठ अभियंता सकाळी दहा वाजता जाऊन पंप मारून आला, पाणी आले. मी सही केली. आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर मला प्रश्न पडला की दोष आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, आणि तो त्याच्याकडे कसा गेला? आपल्या देशातील मोटारगाडीपुरता तरी या प्रश्नाचा इतिहास शोधता येतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन-साडेतीन दशके गाडी मिळणे हेच भाग्य होते. उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट (जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली) आणि मद्रासची स्टँडर्ड एवढाच बाजार. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाड्यांच्या किंमती सरकार ठरवीत असे आणि त्या वादात कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७१ साली त्याचा निकाल लागला. गाड्यांच्या दर्जाविषयी इतकी ओरड झाली की १९६७ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी चौकशी समिती नेमली. म्हणजे किंमतीला नियंत्रण आदेश होता, दर्जाला समिती होती. परंतु ज्याच्या दारात बिघडलेली गाडी उभी होती त्या माणसाला जाण्यासाठी वेगळे दार नव्हते.

त्याला होते ते दिवाणी न्यायालय आणि १९३० चा माल विक्री अधिनियम. या कायद्याचे मूळ इंग्रजी आहे आणि त्याची वृत्ती 'खरेदीदारा, सावध राहा' अशी आहे. कलम १६ मध्ये माल विक्रीयोग्य असला पाहिजे अशी गर्भित अट आहे खरी. परंतु खरेदीदाराने माल एकदा 'स्वीकारला' की तो परत करण्याचा त्याचा हक्क बहुतांशी संपतो आणि केवळ नुकसानभरपाई मागता येते. वाजवी मुदत उलटून गेली, तरी माल स्वीकारला असे धरले जाते. घोड्याच्या किंवा धान्याच्या व्यवहाराला हे ठीक आहे. पण गियरबॉक्सचा दोष गाडी चालवल्याशिवाय कळत नाही, आणि चालवत राहावे तर ती स्वीकारल्यासारखे होते. या कात्रीतून ग्राहकाची सुटका करण्यासाठी वेगळा कायदाच हवा होता.

तो येण्यामागे जी चळवळ होती तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली; पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायद्यात दुरुस्ती होऊन 'अनुचित व्यापारी प्रथा' ही संकल्पना आली. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० रस्त्यावर आली होती आणि मध्यमवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने गाडीचा ग्राहक होऊ लागला होता. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमावर राष्ट्रपतींची सही झाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

या कायद्याने ग्राहकाला खूप काही दिले. वकिलाशिवाय तक्रार, जिल्ह्याच्या ठिकाणी मंच, आणि दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, माल बदलून देणे, पैसे परत करणे व भरपाई असे चारही उपाय. परंतु त्यात एक गाठ राहून गेली. चाचणीशिवाय कळू न शकणाऱ्या दोषाची तक्रार असेल तर मंचाने मालाचा नमुना घ्यावा, मोहोरबंद करावा, योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि प्रयोगशाळेने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा, असे कलम १३ म्हणत होते. दोषाच्या व्याख्येत गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता असे शब्द आहेत. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेल, औषध, सिमेंट असावे, असे हे शब्द वाचताना वाटते. तेलाचा नमुना बाटलीत भरता येतो. पत्रातूच्या घाटातला धक्का मोहोरबंद कसा करायचा?

येथे गाडीच्या यंत्रणेविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझ्या गाडीत ज्याला एएमटी म्हणतात ती व्यवस्था आहे. भारतातल्या प्रवासी मोटारींत ती २०१४ पासून रुळली. तिच्यात क्लच आणि गियरबॉक्स आपल्या नेहमीच्या गाडीसारखेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे आणि गियर बदलण्याचे काम पायाऐवजी आणि हाताऐवजी एक संगणक यंत्रांकरवी करून घेतो. गियर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर तुटते, त्यामुळे थोडी डुलकी या प्रकारात स्वाभाविकच असते. क्लच नेमका कोठे 'पकडतो' हे संगणक अनुभवाने शिकत जातो. तकटी झिजली, तापली किंवा ती सरकवणारे यंत्र कच्चे निघाले, की शिकलेले आणि घडणारे यांत फरक पडतो आणि गाडी धक्के देते. वर्कशॉपमध्ये संगणकाला हा धडा पुन्हा दिला की चार-आठ दिवस सारे सुरळीत. म्हणजे दोष कधी दिसणार आणि कधी लपणार, हे उतार, उष्णता, गर्दी यांवर अवलंबून. स्वाभाविक डुलकी कोठे संपते आणि दोष कोठे सुरू होतो, हे सांगणारी रेषा ज्याने गाडी बनवली त्याच्याजवळच असते.

कायद्याने चाचणीचे काम मंचावर सोपवले होते. व्यवहारात मात्र ते हळूहळू तक्रारदाराच्या अंगावर आले. 'उत्पादनातील दोष' सिद्ध करणारा तज्ज्ञाचा अहवाल दाखल केला नाही, म्हणून तक्रार फेटाळल्याचे निकाल पुष्कळ सापडतात. काही आयोगांनी याउलटही म्हटले आहे की नवी गाडी थोड्या काळात वारंवार वर्कशॉपमध्ये जात असेल, तर ती जॉब कार्डेच पुरेशी बोलकी आहेत. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगाच्या प्रकरणात वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवले. तक्रार क्लचच्या दोषाची होती. सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढेच उत्पादकाचे दायित्व आहे, असे सांगून न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. नोव्हेंबर २०१० मध्ये फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने वेगळी वाट काढली. इंजिनातून येणाऱ्या आवाजाची ती तक्रार होती आणि इंजिन बदलूनही वाद मिटला नव्हता. स्वतंत्र तंत्रज्ञाने गाडी तपासावी आणि मूलभूत उत्पादनदोष निघाल्यास किंमत परत करावी, असा तो आदेश होता. मला हा दुसरा निकाल प्रशासनाच्या दृष्टीने मोलाचा वाटतो, कारण दोष ठरवण्याचे काम त्यात दोन्ही पक्षांच्या बाहेर नेले गेले.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना यावर तेथील उपाय आठवेल. सदोष गाडीला तेथे 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच शब्दाचा आधार घेऊन विक्रेत्याला माहीत असलेले आणि ग्राहकाला माहीत नसलेले यांतील दरीवर निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला 'लेमन' कायदा केला. त्यातली युक्ती साधी आहे. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर पुरेशी संधी देऊन झाली असे कायदाच गृहीत धरतो. ग्राहकाला क्लचची तकटी उघडून दाखवावी लागत नाही. फेऱ्या मोजून दाखवल्या की पुरे.

आपल्याकडे २०१९ मध्ये दोन मोठे बदल झाले. नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आणले. पण त्यातील हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी वगळली आहे. गाडीने मला इजा केली तर ते कलम माझे. गाडी स्वतःच बिघडली तर मी पुन्हा जुन्याच वाटेवर. त्याच वर्षी मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ आले आणि एप्रिल २०२१ पासून सरकारला सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देता येऊ लागला. हे फार चांगले झाले. परंतु ते पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका पोहोचवणाऱ्या दोषांपुरते, आणि एका गाडीपेक्षा एकूण मॉडेलकडे पाहणारे आहे. नव्या गाडीचा रोजचा धक्का या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडतो.

एक सोय मात्र आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे व्यवहार घडला तेथेच करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही ती करता येते. पुण्यात गाडी घेऊन रांचीत चालवणाऱ्याला हा मोठाच दिलासा आहे.

माझ्या गाडीचे काय झाले ते सांगतो, जरी सांगताना संकोच वाटतो. सहाव्या वेळी मला बैठक होती म्हणून चालकाबरोबर गाडी पाठवली. त्याने बोलता बोलता साहेब कोठे आहेत ते सांगितले. तासाभरात व्यवस्थापकांचा फोन आला. संध्याकाळी वरिष्ठ तंत्रज्ञ स्वतः माझ्याबरोबर घाटात आला. तिसऱ्याच वळणावर गाडी मागे घसरली. तो म्हणाला, क्लच आणि तो सरकवणारे यंत्र दोन्ही बदलावे लागतील. आठ दिवसांत वॉरंटीत काम झाले. जॉब कार्डावर या वेळी 'दोष आढळला' असे लिहिले होते. गाडी तीच, घाट तोच, धक्काही तोच होता. मी आभार मानून गाडी घेऊन आलो, पण मला त्याचा आनंद झाला नाही. त्याच वर्कशॉपबाहेर दर खेपेला एक शाळामास्तर आपल्या नव्या गाडीची फाईल घेऊन बसलेले दिसत. त्यांच्या कार्डावर काय लिहिले जात असेल, हे मला विचारावे लागले नाही.

प्रशासनाच्या बाजूने तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. एक, जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहिणे आणि चाचणी कोठे, किती अंतर, कोणत्या परिस्थितीत घेतली हे नोंदवणे सक्तीचे करावे. गाडीच्या संगणकातील नोंदींची प्रतही ग्राहकाला द्यावी. दोन, पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्था उत्तम आहेत, पण रांचीहून त्या हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. प्रत्येक राज्यातील निवडक अभियांत्रिकी महाविद्यालयांना ग्राहक आयोगांसाठी वाहनतपासणीची मान्यता द्यावी. तीन, ठरावीक फेऱ्यांनंतर सिद्धतेचा भार उत्पादकावर टाकणारे गृहीतक आपल्या कायद्यातही यावे.

चौथी गोष्ट माझ्यापुरती आहे, आणि तिला कोणत्याही दुरुस्ती विधेयकाची गरज नव्हती. 'तथ्य आढळले नाही' असा अहवाल समोर आला, की तपासणी किती वाजता झाली आणि तक्रारदार त्या वेळी हजर होता का, एवढे मी आता विचारतो. अनेक फायली त्यामुळे परत जातात. हातपंपाच्या त्या फायलीवर मात्र मी केव्हाच सही केली आहे.