आधी संघ की आधी राष्ट्र?

मंडळी, जोह्यात येऊन आइस हॉकीवर बोलायचं म्हटल्यावर काहींना हसू आलं. साहजिक आहे. आपल्याकडे बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. पण माझा प्रश्न बर्फाचा नाही. एखादा संघ 'राष्ट्रीय' होतो म्हणजे नेमकं काय होतं, हा आहे. त्यासाठी १९२० सालच्या अँटवर्पला जावं लागेल.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बेल्जियममधल्या या शहरात ऑलिंपिक भरलं आणि एप्रिल महिन्यात, मुख्य स्पर्धांच्या आधीच, आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली. सात देश उतरले. कॅनडाने चेकोस्लोव्हाकियाला १५-०, अमेरिकेला २-० आणि स्वीडनला १२-१ असं हरवून सुवर्णपदक नेलं.

आता पाहा, हा कॅनडाचा संघ देशभरातून निवडलेला नव्हता. विनिपेग शहराचा 'फाल्कन्स' हा क्लब त्या वर्षी हौशी संघांची ॲलन कप स्पर्धा जिंकला, म्हणून तोच देशाचा संघ म्हणून गेला. बहुतेक खेळाडू आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतले. शहरातल्या मातब्बर संघांत त्यांना जागा मिळेना, म्हणून त्यांनी आपला वेगळा संघ बांधला होता. त्यांतले बरेच जण कॅनडासाठी महायुद्धात लढूनही आले होते. ज्यांना गावाने परकं मानलं, तेच पुढे देशाचा चेहरा झाले!

त्याच वर्षी, त्याच अँटवर्पमध्ये, उन्हाळ्यात भारताचा पहिला संघ उतरला. त्याआधी १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड एकटे धावले होते. संघ म्हणून ही सुरुवात. आणि तिचं मूळ आपल्या पुण्यात आहे.

१९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९च्या क्रीडामेळाव्यात अध्यक्ष दोराबजी टाटांनी पाहिलं, की अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या वेळा देताहेत. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, ऑलिंपिकचं निमंत्रण मिळवलं आणि पदरचे पैसे घातले. पुण्यात चाचण्या झाल्या आणि सहा जण निवडले गेले: बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व कोल्हापूरचे रणधीर शिंदे.

चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत पोहोचले, एकोणिसावे आले. शिंद्यांची कुस्ती कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेली आणि तिथे ते हरले. पदक एकही नाही.

म्हणजे इथेही एका क्लबच्या मैदानावर राष्ट्राचा संघ जन्मला. फरक एवढाच, की आपलं राष्ट्र तेव्हा राष्ट्रच नव्हतं. राज्य इंग्रजांचं. पण धावपट्टीवर नाव मात्र 'भारत'. स्वराज्य यायला अजून २७ वर्षं होती, आणि बेळगावचा एक माणूस भारत म्हणून धावून आला होता! तेव्हा सांगा, आधी कोण?

तुमचं गाव गणपती घडवतं. कारखान्यात मूर्ती पूर्ण होते, डोळे रेखले जातात, तरी ती अजून देव नसते. कोणीतरी घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा करतो तेव्हा ती देव होते. संघाचंही तसंच. क्लब त्याला घडवतो. 'हे आमचे' असं लोक म्हणतात, तेव्हा तो राष्ट्रीय होतो. कॅनडाच्या पोरांना ती प्रतिष्ठा जिंकल्यावर मिळाली. आपल्या सहा जणांकडे पदक नव्हतं, म्हणून आपण त्यांना विसरलो. मात्र १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि पुढल्याच वर्षी हॉकीचं सुवर्ण आलं. त्याची पायवाट या सहा जणांनी पाडली होती.

भारताचा आइस हॉकी संघ २००९ साली अबू धाबीत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. खेळाडू मुख्यतः लडाखचे, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेले. ते जिंकतील तेव्हा आपण टाळ्या वाजवूच. माझं म्हणणं इतकंच, की 'हे आमचे' म्हणायला तोवर थांबू नये. १९२०च्या बाबतीत आपण थांबलो, आणि उशीर झाला.