थिबा राजाचे सिंहासन

देवरूखला आलेल्या पाहुण्याला रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवल्यावाचून परत पाठवायचे नाही, असा आमच्या घरचा दंडकच आहे. गेल्या दिवाळीत मुंबईची नात आली, तिलाही नेले. सारा वाडा हिंडून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, राजाचा वाडा पाहिला, पण त्याचं सिंहासन कुठाय?" उत्तर सांगता सांगता एस.टी. हातखंब्याला आली.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून हलवले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा पुरा झाला १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. मंडालेहून निघतानाच्या गडबडीत 'न्गामौक' नावाचे आपले अमोल माणिक कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याने घेतले, अशी त्याची तक्रार होती. ते माणिक काही पुन्हा मिळाले नाही. जवळचे दागिने विकून संसार चालवणाऱ्या राजाला त्याची आठवण किती वेळा झाली असेल!

सिंहासनाची कथा निराळी. मंडालेच्या मंत्रिसभेतले ते सोनेरी मुलाम्याचे सिंहासन १९०२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आले. पुढे मार्च १९४५ च्या लढाईत मंडालेचा राजवाडा जळाला. तिथली बाकीची सिंहासने खाक झाली. परदेशी नेलेले हे एक तेवढे वाचले! म्हणून नेणाऱ्याचे उपकार मानावेत काय? माझे मन तरी तयार होत नाही. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली ते परत गेले. आज यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली राजचिन्हे परत जायला मात्र १९६४ साल उजाडले. ब्रह्मी सरकारने त्यांतले पक्ष्याच्या आकाराचे एक सोन्याचे, रत्नजडित विड्याचे पात्र त्याच संग्रहालयाला भेट दिले. तेव्हापासून त्या पात्रापुरते लंडनकर खरे मालक झाले. मालकी अशीही बदलते, याची मला मोठी मौज वाटते.

नात इंग्रजांवर फार चिडली. तेव्हा तिला भीमाशंकरच्या देवळातली घंटा आठवून दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांतलीच ती. "पण ती आपण जिंकली होती ना?" ती म्हणाली. मंडालेही इंग्रजांनी जिंकलेच होते, असे मी म्हणालो, तर ती गप्प बसली. खरे सांगायचे तर मलाही त्यापुढे काही सुचले नाही.

थिबाची समाधी रत्नागिरीतच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला येऊन गेले. आम्हाला मात्र त्या दिवशी परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळे समाधी पाहायची राहिली. नातीने ती मे महिन्याच्या सुट्टीवर टाकली आहे.