ट्यूबलाइटखालचा समुद्र

बदनापूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. समुद्रातले रंगीत मासे काचेपलीकडे बघायचे, तर पूर्वी मुंबईची सहल आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं असायचं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 1951 मध्ये त्याचं उद्घाटन केलं.

घरच्या समुद्री माशांच्या टाकीवर मात्र कित्येक वर्षं साधी ट्यूबलाइटच राबली. माशांना तेवढा उजेड पुरतो, प्रवाळांना नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात; ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यावर प्रवाळ पोसला जातो. म्हणून हौशी मंडळी नळ्या बदलत गेली: 38 मिलिमीटर जाडीची टी-12, पुढे 26 मिलिमीटरची टी-8, मग जेमतेम 16 मिलिमीटरची टी-5. खरी किमया नळीमागच्या चकचकीत परावर्तकाची. जाड नळी परतलेला उजेड स्वतःच अडवायची. बारीक नळीला वळसा घालून तो थेट पाण्यात उतरू लागला. जुना तांब्याचा चोक गेला, इलेक्ट्रॉनिक आला. शेजारी 420 नॅनोमीटरच्या आसपासची निळी ॲक्टिनिक नळी लागली, आणि प्रवाळांचे हिरवे-केशरी रंग झळाळून उठले.

पुढे एलईडीने या नळ्यांची जागा घेतली.

उजेडाची सोय झाली, तरी टाकीत लावायला प्रवाळ समुद्रातून उचलून आणता येत नाही: भारतात 2001 पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाइतकंच संरक्षण त्यांना आहे, आणि ते योग्यच आहे. मालवणच्या समुद्रातला तुकडा घरच्या टाकीसाठी उचलणं हा गुन्हा ठरतो.