टाळी आणि मान

रसिकांची टाळी ही नटाची खरी मिळकत होय. परंतु टाळीचा आणखी एक आवाज आपल्या बाजारपेठांतून व रेल्वेच्या डब्यांतून ऐकू येतो. तो तृतीयपंथीयांच्या टाळीचा. पहिल्या टाळीने मान डोलते, दुसरीने मान फिरते. एकाच समाजात ह्या दोन टाळ्या इतकी वर्षे शेजारी शेजारी वाजत राहिल्या, आणि तरीही त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणास फारसे वाटले नाही. तो संबंध जुळविण्याचे काम रंगभूमी, चित्रपट व घरोघरीचा दूरचित्रवाणीचा पडदा ह्यांनी हळूहळू केले, आणि त्या इतिहासाचे काही ठळक धागे खानदेशात येऊन मिळतात.

नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (1888–1967), यांनी बालपणी जळगावात राहून मेहबूबखाँ यांजकडे गाण्याचे आरंभीचे धडे घेतले. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकू नये, असा तो काळ. म्हणून शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू ह्या नायिका त्यांनीच उभ्या केल्या. त्यांची लुगडे नेसण्याची तऱ्हा व दागिने घालण्याची रीत प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया कौतुकाने उचलीत. बालगंधर्वांचा स्त्रीवेष ही कला होती; पडदा पडताच तो उतरे. परंतु ज्यांच्या ठायी स्त्रीत्व हा वेष नसून स्वभावच होता, त्यांच्या वाट्याला काय आले? 1860 च्या दंडसंहितेतील 377 व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविला. आणि 1871 च्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानात स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणाऱ्या हिजड्यास अटक करून शिक्षा देण्याची मुभा सरकारास दिली. रंगमंचावरील लुगड्यास वन्स मोअर आणि रस्त्यावरील लुगड्यास कोठडी, असा हा न्याय होता.

तमाशातील नाच्याची गत तर ह्या दोहोंच्या मधली. फडावर त्याला शिट्ट्या मिळत, फडाबाहेर कुचेष्टा. आनंद यादव यांनी ‘नटरंग’ ह्या 1978 च्या कादंबरीत हीच व्यथा मांडली. 1981 साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी नाटकाची नायिका झाली; पण तिच्या दुःखाला मृत्यूखेरीज वाट सापडली नाही. पुढच्याच वर्षी जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. त्याची नायिका स्मिता पाटील ही धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या घराण्यातली. चित्रपटांत येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी म्हणून ती घरोघरी परिचित होती. महिलाश्रमाच्या ह्या कथेत परस्परांत गुंतलेल्या दोन स्त्रिया आहेत. पडद्याने त्यांची थट्टा केली नाही, हे खरेच. परंतु त्या आल्या त्या संस्थेपुढील एक अडचण म्हणून. त्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हे विचारण्याइतका पडदा अजून धीट झाला नव्हता.

तो धीटपणा यावयास आणखी पंचवीस-तीस वर्षे जावी लागली. 2009 च्या ‘जोगवा’ने देवीच्या नावाखाली जोगता होऊन लुगडे नेसावे लागलेल्या पुरुषाचे हाल दाखविले व उपेंद्र लिमये यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. रवी जाधव ह्या दिग्दर्शकाने 2010 साली ‘नटरंग’, 2011 साली ‘बालगंधर्व’ आणि 2023 साली ‘ताली’ ही वेबमालिका केली. ह्या तीन कृती ओळीने ठेवल्या की शतकाचा प्रवास दिसतो: प्रथम नाच्या, मग गंधर्व, आणि अखेरीस गौरी सावंत ही हयात, आपल्या नावानिशी वावरणारी तृतीयपंथी कार्यकर्ती. दरम्यान कायदाही बदलला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांचे स्वतंत्र अस्तित्व मान्य केले आणि 2018 साली प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले.

मात्र ‘ताली’तही गौरीची भूमिका सुश्मिता सेन ह्या अभिनेत्रीने केली, कथा ज्यांची, त्यांस ती पडद्यावर स्वतः जगण्याची संधी क्वचितच मिळते. ह्या दृष्टीने झी मराठीवर 2020 साली सुरू झालेल्या ‘कारभारी लयभारी’चे मोल निराळे आहे. गावच्या राजकारणावरील त्या मालिकेत गंगा ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा प्रणित हाटे ह्या तृतीयपंथी कलावंतानेच साकारली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आजीपासून नातवापर्यंत सारे बसलेले असताना, गंगा घरात आली.

ती मालिका चालू असतानाच जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे जे घडले, ते कोणा लेखकाने रचलेले नव्हते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर अंजली पाटील ह्या तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला. तो नाकारण्यात आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. आपण कोण हे सांगण्याचा अधिकार कायद्याने ज्याचा त्यालाच आहे, ह्या आधारावर न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये त्यांना महिला म्हणून निवडणूक लढविण्याची मोकळीक दिली. आणि त्याच महिन्यात भादलीच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. त्याच जळगावच्या तालुक्यातील एका गावाने, ज्या माणसाला आजवर केवळ टाळीवरून ओळखले जाई, त्याला मतपेटीतून मान दिला. विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसताच उसळणारा हशा आजही थांबलेला नाही. परंतु हसताना आपण वेषाला हसतो की माणसाला, एवढा प्रश्न जरी घरोघरी विचारला जाऊ लागला, तरी पडद्याने आपले काम केले असे म्हणावे लागेल. सोंगाला टाळी देणे सोपे असते. सोंग नसलेल्या माणसाला शेजारी जागा करून देणे, ही समाजाच्या रसिकतेची खरी परीक्षा होय.