एका बेटाचा सातबारा

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मायामी बंदराच्या तोंडाशी फिशर आयलंड नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २१६ एकर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या खेड्याच्या शिवाराएवढेही नाही. पण तेथील सदनिकांच्या किमती कोट्यवधींच्या घरात, आणि अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य वस्त्यांत त्याची गणना होते. बेटाला पूल नाही. जायचे तर फेरीबोटीने किंवा स्वतःच्या नौकेने, आणि तेही आतले बोलावणे असेल तरच!

या बेटाचा सातबारा मात्र उलगडून पाहण्यासारखा आहे.

मुळात हे बेट नव्हतेच. मोठी जहाजे थेट बंदरात यावीत म्हणून १९०५ साली मायामी बीचच्या दक्षिण टोकातून एक कालवा खोदण्यात आला. टोक तुटून वेगळे झाले आणि उपसलेल्या गाळाची भर पडून पुढे वाढत गेले. हा तुकडा १९१८ साली विकत घेतला तो डॅना डॉर्सी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा १८७२ साली जॉर्जियात जन्मला, सुतारकाम करीत मायामीस आला. आपल्या लोकांना राहायला धड घरे नाहीत हे पाहून त्याने एकेक भूखंड घेतला, त्यावर घर बांधले, ते भाड्याने दिले, आणि आलेल्या भाड्यातून पुढचा भूखंड घेतला. असे करता करता तो मायामीतला पहिला कृष्णवर्णीय लक्षाधीश झाला. त्या काळी गोऱ्यांच्या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना पाण्यात उतरण्याची मनाई असे. समुद्र दारात, आणि पाय भिजवायची चोरी! तेव्हा आपल्या समाजासाठी या बेटावर विहारस्थान उभारावे, असे डॉर्सीच्या मनात होते.

ते झाले नाही. १९१९ साली त्याने बेट विकले. घेणारा कार्ल फिशर. मोटारींचे दिवे विकून गबर झालेला, इंडियानापोलिसची शर्यतपट्टी उभारणारा आणि मायामी बीचची जाहिरात करण्यासाठी चक्क हत्तीण फिरवणारा हिकमती माणूस. बेटाला नाव लागले ते त्याचे. त्यानेही १९२५ साली तेथील काही जमीन विल्यम व्हँडरबिल्टला दिली, आणि मोबदल्यात म्हणे एक आलिशान नौका घेतली! व्हँडरबिल्टने तेथे हिवाळी महाल बांधला. पुढे १९२६ चे वादळ आले, मग मंदी आली. फिशर १९३९ साली वारला तेव्हा त्याच्या अफाट संपत्तीतले फारसे काही उरले नव्हते. मधले मालक वगळू. १९६० नंतरच्या एका विकास योजनेत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या निक्सन यांचेही पैसे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सदनिका उभ्या राहिल्या त्या १९८० च्या दशकात, आणि व्हँडरबिल्टचा महाल झाला तेथील क्लब.

डॉर्सी १९४० साली निवर्तला. पाच वर्षांनी, मे १९४५ मध्ये, काही कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष अटकेची तयारी ठेवून हॉलोव्हरच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले. अटक झाली नाही, पण अधिकाऱ्यांना जाग आली. त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी वेगळा किनारा खुला झाला तो व्हर्जिनिया की येथे, म्हणजे फिशर आयलंडच्या दक्षिणेस, मध्ये एक अरुंद खाडी सोडली की लगेच. १९४७ साली पूल होईपर्यंत तेथेही बोटीनेच जावे लागे. पोराबाळांना घेऊन, डबे बांधून माणसे जात.